गणपूर्तीअभावी सभा तहकूब



"गणपूर्तीअभावी सभा तहकूब करण्यात आली व अर्ध्या तासानंतर त्याच ठिकाणी पुन्हा भरविण्यात आली." गृहनिर्माण सहकारी संस्थांच्या इतिवृत्तात हे वाक्य आता इतके सरावाचे झाले आहे की पुष्कळ सचिव ते सभेच्या आदल्या दिवशीच लिहून ठेवतात. उपविधीप्रमाणे सर्वसाधारण सभेला एकूण सभासदांपैकी दोन तृतीयांश किंवा वीस, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी माणसे लागतात. तितकी जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. मग सहाजण बसले तरी ते कायद्याने संपूर्ण संस्था ठरतात. हिशेब मंजूर होतात, लेखापरीक्षक नेमला जातो, आयत्या वेळचे विषय अध्यक्षांच्या परवानगीने निकालात निघतात, चहा होतो. अमरावती आणि अकोला या दोन शहरांतील निवृत्त माणसांच्या वसाहतींचा कारभार असा चालतो. आजचा विषय हाच आहे.

वसाहत निवृत्तांची आहे असा फलक कोठे लागलेला नाही. पुण्यात 'अथश्री'सारखे ज्येष्ठांसाठी मुद्दाम बांधलेले गृहप्रकल्प आहेत. वऱ्हाडात तसे ठरवून काही झालेले नाही, ते आपोआप घडले. राज्य स्थापन झाल्यावर 1962 च्या मे महिन्यात जिल्हा परिषदा आल्या. शाळा वाढल्या, वीज मंडळाचा आणि बांधकाम खात्याचा पसारा वाढला. 1969 मध्ये अकोल्याला पंजाबराव देशमुखांच्या नावाचे कृषी विद्यापीठ निघाले आणि 1983 मध्ये अमरावतीला दुसरे विद्यापीठ. यातून पगारदारांचा एक नवा वर्ग दोन्ही शहरांत आला. यांपैकी बहुतेकजण खेड्यातून आलेले, भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारे होते. शिक्षकांनी, ग्रामसेवकांनी, कारकुनांनी, प्राध्यापकांनी आपापल्या गृहनिर्माण संस्था काढल्या, गावाबाहेरचे एखादे वावर विकत घेतले, ते अकृषक करून घेतले, प्लॉट पाडले आणि चिठ्ठ्या टाकून वाटून घेतले. वऱ्हाडात याला लेआऊट म्हणतात. त्या वेळी ही माणसे तिशी-पस्तिशीची होती. आज त्यांतली जी आहेत ती सत्तरी आणि ऐंशीच्या पुढची आहेत. मुले शिकली आणि पुण्याला, हैदराबादला, काही परदेशी गेली. तिशीतल्या माणसांनी घेतलेले वावर कोणताही ठराव न होता वृद्धांची वसाहत बनले. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीच्या पुढची लोकसंख्या जवळजवळ दहा टक्के होती. या लेआऊटमध्ये संध्याकाळी फिरताना हे प्रमाण किती निराळे आहे, हे कळायला आकडेमोड लागत नाही.

या संस्थांच्या जन्मकाळी सभा कशा होत असत हे आठवणारी माणसे अजून आहेत. रस्त्यावर मुरूम कोणी टाकायचा, विहीर कोणत्या कोपऱ्यात खोदायची, विजेचे खांब कोणत्या बाजूने न्यायचे, यावर रात्री बारापर्यंत भांडणे चालत. गृहनिर्माण वित्त महामंडळाचे कर्ज संस्थेमार्फत येई आणि त्याचे हप्ते संस्थेमार्फतच जात. एकाने हप्ता थकवला तर त्याची झळ सर्वांना लागे. म्हणून थकबाकीदाराचे नाव सभेत वाचले जाई आणि तो सभेला येऊन खुलासा करी. या भांडणांत मोठेपणा, जातीची कुजबूज, आपल्या घरासमोर नाली नको म्हणून केलेली खटपट हे सारे होते. तो काळ सोन्याचा होता असे कोणी समजू नये. पण सभेत काही तरी ठरत होते, आणि न गेल्यास आपल्याविरुद्ध ठरेल, ही भीती प्रत्येकाला होती.

आजच्या ओसाड सभांचे कारण विचारले की ठरलेले उत्तर येते. माणसे म्हातारी झाली, गुडघे दुखतात, रात्री दिसत नाही, मध्यमवर्ग स्वभावतःच अनास्थेचा आहे. हे उत्तर सोयीचे आहे, कारण त्यात कोणालाच काही करावे लागत नाही. परंतु ते खरे नाही. याच वऱ्हाडात बुलढाण्याला, जिल्हाधिकारी कार्यालयासमोर, भविष्यनिर्वाह निधीच्या 1995 च्या निवृत्तिवेतन योजनेतील पेन्शनरांनी 24 डिसेंबर 2018 रोजी साखळी उपोषण सुरू केले आणि ते वर्षानुवर्षे चालवले. एसटीचे वाहक-चालक, गिरण्यांचे आणि सहकारी संस्थांचे कामगार त्या योजनेत येतात. 2014 पासून त्यांचे किमान निवृत्तिवेतन महिना 1000 रुपये होते, आणि त्यात कोणाचे भागणार? ही माणसेही साठीच्या पुढचीच होती, गुडघे त्यांचेही दुखत होते. उन्हाळ्यात बुलढाणा अकोल्याइतके तापत नाही हे खरे, पण मांडवात दिवसभर बसणे म्हणजे सहल नव्हे. त्याशिवाय, तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला गुरुकुंज मोझरीला मौन श्रद्धांजलीसाठी जे जमतात, त्यांत पांढऱ्या केसांची माणसे किती असतात हे अमरावतीकरांना सांगायला नको. म्हणजे म्हातारा माणूस घराबाहेर पडतो. त्याला जेथे काही घडेल असे वाटते तेथे तो जातो, आणि संस्थेच्या सभेत काही घडेल असे त्याला वाटत नाही. अकोल्याच्या एखाद्या पारावर विचारले तर वऱ्हाडीत रोखठोक उत्तर मिळते: "जाऊन कराचं काय? सारं तं आंधीच ठरेल रायते."

प्रश्न असा की, ठरते कोठे?

याचे उत्तर शोधताना पाण्यापासून सुरुवात करावी. वसाहत नवी असताना विहीर किंवा बोअर संस्थेची असे आणि पाण्याचा प्रत्येक निर्णय सभेत होई. आज अमरावतीचे पाणी मोर्शीजवळच्या सिंभोऱ्याच्या ऊर्ध्व वर्धा धरणातून येते आणि ते देते महाराष्ट्र जीवन प्राधिकरण. हे प्राधिकरण महानगरपालिकेचेसुद्धा खाते नाही, राज्याचे आहे. म्हणजे नळाला दिवसाआड पाणी का येते, हे संस्थेच्या सभेला तर नाहीच, निवडून दिलेल्या नगरसेवकालाही थेट विचारता येत नाही. अकोल्याचे पाणी काटेपूर्णा प्रकल्पातून, महानहून येते. तेथे पुरवठा महापालिकेकडे आहे, म्हणून निदान नगरसेवकाच्या दारात भांडण करता येते. रस्ते, नाल्या आणि दिवे लेआऊट हस्तांतरित झाल्यावर नगरपालिकेकडे गेले. अमरावतीत 1983 मध्ये महानगरपालिका झाली, अकोल्यात 2001 मध्ये. 2016 मध्ये अकोल्याची हद्द वाढून भोवतालची गावे आत आली. ग्रामसभेत निदान नाव घेऊन विचारता येणारी माणसे एका रात्रीत दूरच्या महापालिकेची करदाते झाली. यात गैर काही नाही असे कोणी म्हणेल. नागरी सुविधा ही नगरपालिकेचीच जबाबदारी आहे, ती खाजगी संस्थेने का वाहावी? युक्तिवाद बिनतोड आहे. परंतु सुविधेबरोबर तिच्याविषयी बोलण्याची जागाही संस्थेतून गेली आणि दुसरीकडे ती उघडली नाही. 2009 मध्ये राज्याच्या महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद झाली. केंद्राच्या नागरी योजनेचा निधी मिळावा म्हणून ती करावी लागली होती. मतदान केंद्राच्या परिसरातील सर्व मतदारांनी एकत्र बसून आपल्या भागाची कामे सुचवावीत अशी ती कल्पना. डॉ. लोहियांच्या चौखंबा राज्याला शहरात पाचवा, अगदी जमिनीलगतचा खांब मिळाला असता. ती कल्पना कायद्याच्या पुस्तकात राहिली.

त्यानंतर जे घडले ते तर अधिकच बोलके आहे. मार्च 2022 मध्ये दोन्ही महापालिकांच्या सभागृहांची मुदत संपली आणि निवडणुका न होता पुढील काही वर्षे कारभार प्रशासकाने पाहिला. लाखो लोकवस्तीची शहरे लोकनियुक्त सभेविना चालतात हे राज्यानेच नागरिकाला दाखवून दिले. कचरा उचलला जात होता, कराची बिले येत होती, दिवे लागत होते. जो नागरिक हे पाहतो त्याने आपल्या साठ प्लॉटांच्या संस्थेच्या सभेला कोणत्या श्रद्धेने जावे? राज्यसंस्थेने वरच्या मजल्यावर सभा बंद ठेवायची आणि तळमजल्यावरच्या म्हाताऱ्याला अनास्थेबद्दल बोल लावायचा, हा न्याय काही बरा नव्हे.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आल्बर्ट हर्शमन यांचे 1970 मधील पुस्तक ठाऊक असेल. संस्था बिघडू लागली की सभासदापुढे दोन वाटा असतात, बाहेर पडणे किंवा आवाज उठवणे. आणि जेथे बाहेर पडणे सोपे असते तेथे आवाज कमी होतो, असे त्यांनी मांडले. वऱ्हाडातील वसाहतीत या मांडणीला एक वेगळे वळण मिळते. येथे बाहेर पडण्याची सोय मुलांना आहे, आईवडिलांना नाही. जी पिढी आवाज उठवू शकली असती ती हिंजवडीला गेली, आणि जी उरली तिला जाता येत नाही व बोलण्याची सवय सुटली आहे. शिवाय ज्यांना परवडते ते संस्थेच्या आतच बाहेर पडतात. स्वतःचा बोअर, स्वतःचा इन्व्हर्टर, स्वतःचा पहारेकरी. ज्याच्या अंगणात बोअर आहे त्याला सार्वजनिक पाण्याच्या ठरावाचे काय?

दुसरी गोष्ट सभासदांच्या यादीची. प्रत्येक संस्थेत कायद्याप्रमाणे 'आय' नमुन्यातील सभासद नोंदवही आणि 'जे' नमुन्यातील यादी असावी लागते. कार्यकर्त्यांनी आपापल्या संस्थेतील ही यादी एकदा मागून पाहावी. तीत अनेक नावे मृतांची आढळतील. पती वारले, घर पत्नीच्या वहिवाटीत आहे, नामनिर्देशन कधी भरले नव्हते किंवा भरलेले सापडत नाही, मुलांच्या संमतीचे कागद पुण्याहून यायचे राहिले आहेत. मग सभासदत्वाचे हस्तांतर कोण करणार? सहकारी कायद्याने एका सभासदाला एक मत दिले आणि प्रतिनिधीमार्फत मत देण्यास मनाई केली. 1844 मध्ये रॉचडेलच्या विणकरांनी जे तत्त्व घालून दिले, त्याचीच ही परंपरा आहे आणि ती उत्तम आहे. परंतु जेथे सभासद स्वर्गात किंवा सिंगापूरला असतो तेथे या उत्तम तत्त्वाचा परिणाम असा होतो की घर आहे, माणूस आहे, मत मात्र नाही. या माणसांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. स्त्री अधिक जगते आणि नवऱ्याहून वयाने लहान असते, म्हणून वृद्धांच्या वसाहतीत विधवांची संख्या वाढत जाणे अटळ आहे. घरपट्टी त्याच भरतात, नाली तुंबल्यावर त्रास त्यांनाच होतो, तरीही सभेची सूचना मृत पतीच्या नावाने येते. पुष्कळ घरी ती देव्हाऱ्याशेजारी ठेवून दिली जाते.

वरच्या मजल्यावर भाडेकरू असतात. शिकवणी वर्गासाठी आलेली मुले, बदलीवर आलेले कर्मचारी. रात्री अपरात्री एखाद्या आजोबांना दवाखान्यात नेतो तो बहुधा हाच वरच्या खोलीतला मुलगा. त्याचे नाव कोणत्याच यादीत नाही. सभासद आणि रहिवासी हे दोन समूह 1975 मध्ये जवळजवळ एकच होते. आज ते इतके वेगळे झाले आहेत की सभासदांची सभा ही रहिवाशांची सभा राहिलेली नाही. उपस्थिती घटली असे म्हणण्यापेक्षा, ज्यांनी उपस्थित राहावे त्यांना निमंत्रणच नाही असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

उरलेल्या सहाजणांवर टीका करणे सोपे आहे. त्यांना 'कंपू' म्हणतात, 'सातबारा यांच्याच नावावर आहे' असे टोमणे मारतात. जर्मन समाजवादी पक्षाचा अभ्यास करून रॉबर्ट मिशेल्स यांनी 1911 मध्ये सांगितले की, जेथे संघटना तेथे अल्पजनांची सत्ता येणारच. या सिद्धान्ताने पुष्कळांना निष्क्रिय राहण्याचे विद्वान निमित्त दिले आहे. वसाहतीत मात्र उलटा प्रकारही दिसतो. सचिवपद कोणाला नकोच असते. दरवर्षी लेखापरीक्षण, दोष-दुरुस्ती अहवाल, निबंधकाकडे विवरणपत्रे. चुकले तर कलम 83 ची चौकशी आणि 88 खाली नुकसानभरपाईची वसुली. बहात्तर वर्षांचा निवृत्त मुख्याध्यापक हे सारे विनामूल्य करतो आणि बदल्यात संशय मिळवतो. 'राजीनामा देतो' असे तो दरवर्षी म्हणतो, दरवर्षी टाळ्या वाजतात आणि दरवर्षी तोच निवडला जातो. ही सत्तालालसा नव्हे. पण एकाच माणसाच्या कपाटात पंधरा वर्षे संस्थेचे दप्तर राहिले की संस्थेची स्मरणशक्ती त्या एकाच्या मालकीची होते, हेही तितकेच खरे. तो गेल्यावर कपाटाची किल्ली सुनेकडे येते आणि पुनर्विक्रीच्या रद्दीत नकाशे जातात.

आता पणाला काय लागले आहे ते पाहावे. लेआऊट मंजूर करताना साधारणतः दहा टक्के जागा खुली ठेवावी लागते. या दोन शहरांत पन्नास वर्षांपूर्वी ज्या जागेची किंमत कोणी विचारत नव्हते ती आज वसाहतीतील सर्वांत मौल्यवान जमीन आहे. तिच्यावर आधी एक ओटा येतो, मग पत्र्याचे शेड, मग कोणाच्या तरी स्मृतीचे सभागृह, आणि अखेर ते लग्नकार्याला भाड्याने जाऊ लागते. प्रत्येक पायरीवर एक ठराव असतो आणि प्रत्येक ठराव 'सर्वानुमते' झालेला असतो. त्या सर्वानुमतात माणसे किती होती, हे न्यायालयात जाईपर्यंत कोणी विचारत नाही. देवळाच्या नावाने झालेल्या अतिक्रमणाला विरोध करायचा तर वयाच्या पंचाहत्तरीत शेजाऱ्यांशी वैर घ्यावे लागते. त्यापेक्षा सभेलाच न जाणे बरे, असा हिशेब शहाणी माणसे करतात. अनुपस्थिती हे येथे पुष्कळदा आळसाचे नव्हे, भिडेचे नाव आहे.

सदनिकांच्या जुन्या संस्थांत प्रश्न पुनर्विकासाचा आहे. 2009 च्या शासकीय निर्देशांत पुनर्विकासाच्या विशेष सभेला तीन चतुर्थांश सभासद आवश्यक होते. 4 जुलै 2019 च्या सुधारित निर्देशांनी गणपूर्ती दोन तृतीयांश आणि संमती 51 टक्के अशी केली. पण अर्ध्या तासाने गणपूर्ती माफ करण्याची पळवाट तेथे ठेवली नाही. म्हणजे घर पाडायचे असेल तेव्हा सरकारलाही खरी गणपूर्ती लागते. मग घर चालवायचे असताना ती का नको? या विसंगतीकडे सहकार खात्याचे लक्ष वेधण्यासारखे आहे. नागपूरचे आणि स्थानिक विकासक वृद्ध सभासदांना एकेकटे गाठून, लिफ्टचे चित्र दाखवून संमतिपत्रे जमवतात. लिफ्टची गरज खरी असते. म्हणूनच ज्या वसाहतीत एकत्र बसण्याची सवय मोडली आहे तेथे सौद्याच्या वेळी सर्वजण एकेकटे असतात, आणि एकेकट्याचा सौदा नेहमी स्वस्तात होतो.

कायद्याने उपाय केले नाहीत असे नाही. 97 व्या घटनादुरुस्तीने 2012 मध्ये सहकारी संस्था स्थापन करणे हा मूलभूत हक्क झाला आणि संस्थांचे लोकशाही नियंत्रण हे राज्याच्या मार्गदर्शक तत्त्वांत आले. त्या दुरुस्तीतील सहकारविषयक तपशिलाचा भाग राज्यांतर्गत संस्थांपुरता सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2021 मध्ये रद्द ठरवला, कारण त्याला राज्यांच्या विधिमंडळांची मान्यता घेतली नव्हती. दरम्यान 2013 मध्ये राज्याने 'क्रियाशील सभासद' ही कल्पना आणली. पाच वर्षांत निदान एका सर्वसाधारण सभेला हजर राहा, नाहीतर मताधिकार गमवा. पुढे या तरतुदीत फेरफार झाले, पण तिच्यामागची वृत्ती लक्षात घेण्यासारखी आहे. साखर कारखान्यातील आणि जिल्हा बँकेतील बोगस सभासदांना धाक बसवण्यासाठी घेतलेली छडी अंथरुणाला खिळलेल्या वृद्धेवरही उगारता येते. सभेत सत्त्व नाही म्हणून लोक येत नाहीत, आणि येत नाहीत म्हणून त्यांना मतदानातून काढायचे! असे केल्याने गणपूर्ती सोपी होईल, कारण हिशेबाची माणसेच कमी होतील.

बाहेरच्या जगाकडे पाहिले तर निवृत्तांच्या स्वराज्याचा सर्वांत गाजलेला प्रयोग अमेरिकेत ॲरिझोना राज्यात झाला. सन सिटी नावाची निवृत्तांची वसाहत 1 जानेवारी 1960 रोजी खुली झाली. ती आजही कायदेशीर अर्थाने नगरपालिका नाही. बराच कारभार रहिवाशांच्या संघटना आणि स्वयंसेवक पाहतात. तेथील वृद्ध मतदानाला उत्साहाने जात, आणि त्या उत्साहात त्यांनी परिसरातील शाळांच्या कर्जरोख्यांचे प्रस्ताव वारंवार पाडले. 'आमची मुले मोठी झाली, आम्ही शाळेचा कर का द्यावा?' अखेर ती वसाहत त्या शाळा-जिल्ह्यातून वेगळी करण्यात आली. सहभाग वाढला म्हणजे समाजवाद आला, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे. उद्या अमरावतीच्या एखाद्या लेआऊटची सभा तुडुंब भरेल आणि पहिला ठराव भाजीवाल्या बाईची गाडी फाटकाबाहेर ठेवण्याचा करील, हे अशक्य नाही. डेन्मार्कने वेगळी वाट घेतली. तेथे 1997 पासून प्रत्येक नगरपालिकेत साठीच्या पुढील नागरिकांनी निवडलेले ज्येष्ठ मंडळ असणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि वृद्धांशी संबंधित निर्णयापूर्वी नगरपालिकेला त्याचे मत घ्यावेच लागते. अधिकार फक्त सल्ल्याचा आहे, पण तो दारात उभे राहून मागावा लागत नाही. पश्चिम जर्मनीने 1974 च्या कायद्याने वृद्धनिवासांतील रहिवाशांना आपले सल्लागार मंडळ निवडण्याचा हक्क दिला.

आपल्याकडे 2007 च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात निदान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असे वृद्धाश्रम राज्यांनी काढावेत असे म्हटले. भूमी गाडगेबाबांची आहे, त्यामुळे वऱ्हाडात दानाला आणि सेवेला तोटा नाही. पण सेवेच्या या परंपरेत वृद्धाचे नाव 'लाभार्थी' असते. जेवणात आज काय, दिवा किती वाजता मालवायचा, हे विश्वस्त ठरवतात, आणि वाढदिवसाला येणारे दाते केळी वाटून जातात. केळी नकोत, चष्मा हवा, हे सांगण्याचीही व्यवस्था असावी लागते. वृद्धाश्रमातील रहिवाशांनी आपले दोन प्रतिनिधी निवडून व्यवस्थापनाच्या बैठकीत बसवावेत, या मागणीला पैसा लागत नाही.

पैशाचा प्रश्न मात्र पुढे येणार आहे. विनामूल्य सचिव, पहाटे नळ तपासणारे अण्णा, हिशेब लिहिणाऱ्या निवृत्त बाई ही सारी व्यवस्था एका अदृश्य अनुदानावर चालली, ते अनुदान म्हणजे हमीचे निवृत्तिवेतन. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ते येते म्हणून माणूस आपला वेळ वसाहतीला देऊ शकतो. 1 नोव्हेंबर 2005 नंतर राज्याच्या सेवेत लागलेल्यांना ती जुनी योजना लागू राहिली नाही, आणि त्यासाठी मार्च 2023 मध्ये राज्यभर संपही झाला. ही पिढी निवृत्त होऊन या वसाहतींत येईल तेव्हा तिच्यापैकी कित्येकांना साठीनंतरही शिकवण्या आणि हिशेबनिशी करून घर चालवावे लागेल. मग सभेला कोण येईल? निवृत्तिवेतनाच्या लढ्याकडे केवळ पगाराची मागणी म्हणून पाहणारे कार्यकर्ते त्याची ही बाजू विसरतात.

कार्यकर्त्यांनी करावे असे काय आहे? वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. पोळा, गणपती, महालक्ष्म्या याच दिवसांत येतात आणि बाहेरगावची मुलेबाळे घरी असतात. हे अडचणीचे मानण्याऐवजी संधी मानावे आणि वारसांच्या सह्या त्याच आठवड्यात उरकाव्यात. जी विधवा घरात राहते तिच्या नावाने सभासदत्व करून देणे हे त्या आठवड्याचे पहिले काम. निबंधकाच्या कार्यालयात कोणते कागद लागतात हे शहरातील प्रत्येक शाखेत एका तरी कार्यकर्त्याला पाठ असले पाहिजे. भाडेकरूंना मत देता येत नाही, पण सभेत बसवून बोलू देण्यास कोणत्याही उपविधीची आडकाठी येऊ नये. खुल्या जागेचा मूळ मंजूर नकाशा नगररचना कार्यालयातून काढून सभेच्या भिंतीवर लावावा. दप्तर एका कपाटातून काढून त्याच्या दोन प्रती कराव्यात. सभा रात्री नऊला न ठेवता दुपारी चारला ठेवावी, आणि ज्यांना जिने उतरवत नाहीत अशांपैकी एखाद्याच्या घरी ठेवावी. कोरोनाच्या साथीत शासनाने दृक्श्राव्य सभेस परवानगी दिली होती. त्या सोयीने पुण्यातील मुलगा सभा पाहू शकतो, पण आईऐवजी तोच बोलू लागतो हेही तेव्हा दिसले.

आणि विषयपत्रिकेवर पाणी असावे. जीवन प्राधिकरण ऐकत नाही म्हणून तो विषय सभेतून काढून टाकला गेला, तेथूनच सभा ओस पडायला सुरुवात झाली. पाच वसाहतींनी एकाच महिन्यात एकाच मजकुराचा ठराव केला आणि पाचही सभांतील माणसे तो घेऊन अमरावतीत प्राधिकरणाच्या कार्यालयात किंवा अकोल्यात महापालिकेत गेली, तर त्या दिवसापुरती का होईना, 2009 च्या कायद्यातील क्षेत्रसभा प्रत्यक्षात भरलेली असेल. सभेची सूचना चौदा दिवस आधी द्यावी लागते. ती भ्रमणध्वनीवर न पाठवता दारोदार जाऊन हातात द्यावी, आणि पाकिटावर जिवंत माणसाचे नाव असावे.